चोवीस लंगोट

बायकोला सातवा महिना लागला त्या आठवड्यात मी 24 कापडी लंगोट आणून कपाटात रचून ठेवले. 8 साधे, चौकोनी, मलमलीचे. बाकीचे खिशाचे: बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत मऊ अस्तर, मधल्या खिशात सरकवायच्या शोषक पट्ट्या आणि कमरेला टिचबटणांच्या रांगा. बायकोने एकेक हातात घेऊन पाहिला, "छान आहेत" म्हणाली आणि जशाच्या तशा घड्या करून परत ठेवले. माझ्या आईने मात्र विचारलं, "अरे, हे धुणार कोण?"

"मशीन आहे की," मी म्हणालो. आई पुढे काही बोलली नाही.

माझं सगळं लक्ष तेव्हा कचऱ्याकडे होतं. नवजात बाळाला दिवसातून 8 ते 12 वेळा बदलावं लागतं, काही महिन्यांनी ते पाच-सहावर येतं. अडीच वर्षांचा हिशेब मांडला की एका मुलामागे हजारोंनी डायपर होतात, आणि त्यातला एकही कुजून मातीला मिळत नाही. मला ते सहन होत नव्हतं, आजही होत नाही. त्यामुळे कापडीच वापरायचे हे मी ठरवूनच टाकलं होतं. ‘मी’ हा शब्द इथे मुद्दाम लिहितोय.

तुलनेसाठी एकदा वापरून टाकायच्या डायपरचं एक लहान पाकीटही आणलं होतं. त्यातला एक मी कात्रीने उभा चिरला. अंगाला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा, अगदी मऊ. त्याखाली कापूस वाटावा असा लाकडाचा लगदा. तळाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. लगदा वर्तमानपत्रावर झटकला तर साखरेसारखे पांढरे दाणे पडले. हे सोडियम पॉलिॲक्रिलेट, डायपरमधलं ओल शोषून धरणारं रसायन. चमचाभर दाणे वाटीत घेऊन वर पाणी ओतलं, तर बघता बघता त्याचा थुलथुलीत गोळा झाला आणि वाटी पालथी केली तरी थेंब पडेना. मग चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. गोळा सैल पडत गेला आणि पाणी सुटायला लागलं. साध्या पाण्यात हे दाणे आपल्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरतात, पण लघवीत क्षार असतात म्हणून तिथे ते साधारण 30 पटीवर येतात. 30 पटसुद्धा कापसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. शिवाय कापूस दाबला की पाणी सोडतो, हे दाणे सोडत नाहीत. बाळ ओल्यावर बसलं तरी त्वचा कोरडी राहते ती यामुळे. डायपरबद्दल त्या संध्याकाळी पहिल्यांदा आदर वाटला. निर्णय मात्र मी बदलला नाही.

लेक झाली ती सिझेरियनने. पहिले दोन दिवस तिची शी डांबरासारखी, काळपट हिरवी आणि इतकी चिकट की पुसता पुसेना. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस घेऊन मी हळूहळू ती सोडवत बसायचो. सिस्टरने मला मुलींना पुसायची रीतही दाखवली: नेहमी पुढून मागे, कधीही उलट नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा म्हणजे नाळेच्या खुंटाला ओल लागत नाही, हेही तिनेच शिकवलं.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मलमलीवर विटकरी-गुलाबी डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मला ते रक्तच वाटलं. लंगोट तसाच हातात धरून मी सिस्टरकडे पळालो. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं की हे रक्त नाही, लघवीतल्या युरेट नावाच्या क्षाराचे कण आहेत. पहिल्या दिवसांत दूध पुरेसं उतरायच्या आधी लघवी दाट असते तेव्हा असे दिसतात. "पाजत राहा आणि शू मोजत राहा. पाचव्या दिवसानंतरही असा डाग दिसला तर मात्र लगेच दाखवा." मोजायचं कसं तेही तिने सांगितलं: पहिल्या दिवशी निदान एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत 6 तरी ओले व्हायला हवेत. मी खिशातल्या कागदावर रेघा ओढायला लागलो. सहाव्या दिवशी दुपारीच सहावी रेघ पडली, तेव्हा बायकोला तो कागद दाखवला. दूध पुरतंय की नाही या काळजीने ती तीन दिवस नीट झोपली नव्हती. ती कागदाकडे बघून रडली.

मलमलीचा मला खरा उपयोग झाला तो इथे. एवढ्याशा बाळाची शू दोन चमच्यांएवढी असते आणि डायपरमध्ये ती हातालाही कळत नाही. काहींवर ओलं झाल्यावर पिवळ्याची निळी होणारी रेघ असते, तिने काम भागतं. पण कापड ओलं झालं की झालं, शंकेला जागा नाही.

घरी आल्यावर मात्र सगळं बिघडलं. नवे कोरे लंगोट गळत होते. मी ते एकदाच धुऊन घेतले होते. नव्या सुती कापडात कापसाचं नैसर्गिक तेल असतं, ते पाच-सहा धुण्यांनंतर जातं आणि मगच कापड पुरतं शोषायला लागतं. हे मला माहीत नव्हतं. दर तासाला लंगोट, त्याच्यासोबत झबलं, त्याच्यासोबत दुपटं. मी दिवसा कामावर. आई दुपारी येऊन जमेल तेवढं धुवायची, पण तिच्याही गुडघ्यांना सोसवत नव्हतं. रात्री मी उठायचो, बदलायचो आणि ओला लंगोट बादलीत टाकून परत आडवा व्हायचो. मी माझा वाटा उचलतोय असं मला मनापासून वाटत होतं.

बाराव्या दिवशी पहाटे चारला जाग आली तर बायको अंथरुणात नव्हती. मोरीत दिवा होता. ती एका हाताने पोटावरचे टाके दाबून धरून, दुसऱ्या हाताने बेसिनमध्ये लंगोट खळबळत उभी होती. बादली भरली होती आणि सकाळसाठी कोरडा लंगोट एकही उरला नव्हता. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "अरे, एकच राहिलाय. तू झोप."

मी तिच्या हातातून तो घेतला. आईचा प्रश्न त्या क्षणी मला कळला, तीन महिने उशिरा. निर्णय माझा होता आणि त्याचं ओझं वाहत होती ती, कापलेल्या पोटाने. आणि कपाट उघडून दाखवलं तेव्हा "तुला काय वाटतं?" असं मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. "छान आहेत" हे घड्यांबद्दलचं मत होतं. त्याला मी होकार धरून चाललो होतो.

त्या सकाळी विचारलं. ती म्हणाली, "कापडी मलाही आवडतात. पण मला आत्ता झोप हवीय, आणि वाकायचं नाहीये." सकाळी मी मोठं पाकीट आणलं. पुढचे सहा आठवडे दिवसरात्र फक्त डायपर. त्या आठवड्यांबद्दल मला तेव्हाही अपराधी वाटलं नाही, आताही वाटत नाही. टाके भरले, दूध स्थिरावलं, लेक वजन धरायला लागली, आणि एकदाही तिच्या अंगावर लाली आली नाही. शी टॉयलेटमध्ये झटकायची, डायपर घट्ट गुंडाळायचा, कागदात बांधायचा आणि वेगळा टाकायचा, एवढं मात्र काटेकोर पाळलं.

रात्री तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी डायपरचा इतिहास वाचला. 1946 मध्ये अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने न्हाणीघरातला पडदा कापून शिवणयंत्रावर लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं. ओल्या चादरी बदलून आणि धुऊन ती कंटाळली होती. टाचणीऐवजी तिने टिचबटणं लावली आणि 1951 मध्ये तिला पेटंट मिळालं. पुढे एकदा वापरून टाकता येईल असा कागदी लंगोटही तिने करून पाहिला, पण कारखानदारांना त्याची गरजच पटली नाही. पॅम्पर्स बाजारात आले ते 1961 मध्ये, तेही लगद्याचे आणि जाडजूड. ते शोषक दाणे डायपरमध्ये आले 1980 च्या दशकात. कारखानदारांना गरज का पटली नसेल याचा मी त्या रात्री बराच विचार केला. त्यांच्या घरात धुणारं माणूस दुसरं कुणीतरी असणार.

आठव्या आठवड्यात आम्ही दोघं बसून बोललो. कापडी परत काढायचे का? ती म्हणाली, चालेल, पण बादलीला मी हात लावणार नाही. ठरलं: दिवसा कापडी, रात्री डायपर, आणि धुणं सगळं माझं. ‘मदत’ म्हणून नाही, माझं काम म्हणून. मी घरात नसताना लंगोट संपले तर तिने धुवायचं नाही, सरळ डायपर लावायचा. ही शेवटची अट तिने घातली, आणि सगळी व्यवस्था टिकली ती त्या अटीमुळे.

माझी पद्धत बसायला महिना लागला. झाकणाची बादली कोरडीच ठेवायची. लंगोट पाण्यात भिजत ठेवले तर वास जास्त येतो, आणि जलरोधक थर व इलॅस्टिकही लवकर खराब होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या रंगाची आणि पातळ असते, ती पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे वेगळं खरवडावं लागत नाही. रात्री नऊला बादली काढायची, पट्ट्या खिशातून ओढायच्या, आधी सगळं गार पाण्यातून काढायचं. आधीच गरम पाणी घातलं तर डाग पक्के बसतात. मग 60 अंशांवर मोठं धुणं. त्याहून गरम नको, नाहीतर बाहेरचा थर सोलवटतो. कपडे मऊ करायचं द्रव्य कधीच नाही. ते धाग्यावर लेप धरतं आणि लंगोट शोषायचंच थांबतो. सकाळी सहाला दांडीवर. उन्हात वाळलेल्या लंगोटावरचा पिवळा डाग दुपारपर्यंत आपोआप फिकट होतो, तो मी रोज जाऊन बघायचो.

पण ती बसण्याआधीच, नवव्या आठवड्यात, लेकीचं बूड लाल झालं. सहा आठवडे डायपरमध्ये काही झालं नाही आणि माझ्या कापडी लंगोटांत आठवड्याभरात पुरळ. मला फार लागलं ते. बालरोगतज्ज्ञांनी आधी जांघेच्या घड्या उलगडून पाहिल्या. घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती सुटे ठिपके असते तर बुरशी समजायची, तसं नव्हतं. लाली फक्त कापड घासतं तिथे होती. त्यांनी किती वेळाने बदलता, साबण किती घालता, कितीदा खळबळता हे विचारलं, आणि घरी जाऊन एक धुतलेला लंगोट कोमट पाण्यात चोळून बघायला सांगितलं.

मी स्वच्छ, वाळलेला, घडी केलेला लंगोट काढला. टबात कोमट पाणी घेऊन त्यात तो चोळला. पाच-सात वेळा चोळल्यावर पाणी गढूळ झालं आणि वर फेस धरला. धुतलेल्या लंगोटातून निघालेला फेस! शी म्हणून जास्त साबण, असं मी करत आलो होतो आणि तो साबण कधी पुरता निघतच नव्हता. सकाळच्या पहिल्या ओल्या लंगोटाला डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास यायचा, त्याकडेही मी दुर्लक्ष केलं होतं. सगळे लंगोट नुसत्या गरम पाण्यातून फेस थांबेपर्यंत काढले, चार वेळा. साबण मापाने घालायला लागलो आणि एक खळबळणं वाढवलं. त्या चार दिवसांत लेक परत डायपरवर, प्रत्येक बदलाच्या वेळी दहा मिनिटं उघडी, आणि झिंक ऑक्साइडचं मलम. लाली गेली. मलम लावायचं तेव्हा कापडी लंगोट वापरायचाच झाला तर मध्ये पातळ अस्तर घालायचं, कारण असल्या दाट मलमांचा थर कापडावर बसला की त्याच्यावरून पाणी घसरतं.

पट्ट्यांचंही असंच शिकत गेलो. मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, चटकन शोषतं आणि चटकन वाळतं, पण बाळ बसलं की दाबाने गळतं; शिवाय ते थेट कातडीला लागू द्यायचं नाही, ते त्वचेतलीही ओल ओढून घेतं. हेंप, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, सावकाश शोषतं पण भरपूर धरतं, आणि वाळायला दोन दिवस लावतं. वर मायक्रोफायबर आणि खाली हेंप अशी जोडी लावली की झोपेचे दोन तास निघतात. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात भरवशाचे निघाले ते 8 चौकोनी मलमलीचे. उलगडून धुतले जातात, थर एकच असल्यामुळे कोपऱ्यात साबण अडकत नाही, संध्याकाळच्या वाऱ्यावरही वाळतात. नवीन काही घ्यायची वेळ आली तर मी तेच आणखी घेईन.

रात्रीचे कापडी आम्ही दोनदा करून पाहिले. जाड पट्ट्या, वर लोकरी आवरण. दोन्ही वेळा ती तीनला ओली होऊन उठली आणि तिच्यासोबत आम्ही. डायपरमध्ये ती सलग सहा तास झोपायची. तो विषय तिथेच संपला. पाळणाघरात घातल्यावर तिथल्या बाईंनी कापडी घ्यायला नकार दिला. थोडं वाईट वाटलं, पण आठ मुलांमागे दोन बायका असताना त्यांना आग्रह करायला माझं मन धजावलं नाही.

कचऱ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ते आता मी अर्धं सांगत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या 2008 च्या अभ्यासात एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापराचा कर्बभार, म्हणजे त्यापायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि तत्सम वायू, डायपरसाठी सुमारे 550 किलो आणि कापडीसाठी सुमारे 570 किलो निघाला होता. म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र मशीन पूर्ण भरून धुतलं, दांडीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडीचा आकडा 40 टक्क्यांपर्यंत खाली येत होता. वाळवायचं यंत्र आणि फार गरम पाणी वापरलं तर उलट तो डायपरच्या बराच वर जात होता. तिथल्याच सरकारच्या 2023 च्या नव्या अभ्यासात कापडीचा भार डायपरपेक्षा सुमारे 25 टक्के कमी निघाला. आकडा ठरतो तो धुण्यात आणि वाळवण्यात, म्हणजे रात्री नऊला आणि सकाळी सहाला. दमट, ढगाळ हवेच्या तीन आठवड्यांत लंगोट वाळेनात तेव्हा मी वाळवण्याचं यंत्र घेतलं नाही. त्या दिवसांपुरते सरळ डायपर आणले.

सहा महिन्यांनी लेक घट्ट खायला लागली आणि शी बदलली, तेव्हा बादलीत थेट टाकणं बंद झालं. आता लंगोटात पातळ अस्तर असतं. ते उचलायचं, शी टॉयलेटमध्ये सोडायची आणि मग लंगोट बादलीत. अस्तर मात्र टॉयलेटमध्ये टाकायचं नाही, नळ तुंबतो. तेही जुनी मलमल कापून केलेलं असलं की धुता येतं.

लेक आता दीड वर्षाची आहे. 24 पैकी 19 लंगोट चांगले आहेत. चारांचं मांडीचं इलॅस्टिक सैल झालंय, ते मी या सुट्टीत उसवून नवीन ओवणार आहे. एकाचा बाहेरचा थर फाटला, त्याच्या पट्ट्या ओटा पुसायला गेल्या. माझ्या बहिणीला दिवस गेलेत. लंगोट स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, घड्या करून तयार ठेवलेत, पण अजून तिच्याकडे नेले नाहीत. हवेत का, हे आधी तिला विचारायचं आहे. आणि तिच्या नवऱ्याशीही बोलायचं आहे, बादलीबद्दल.